तिसऱ्या दिवसाचं विरजण

तोंड कोरडं पडणं म्हणजे तहान लागणं नव्हे. तहान पाण्यानं भागते. मी तांब्याभर पाणी प्यायचे आणि तांब्या खाली ठेवेस्तोवर जीभ पुन्हा टाळूला चिकटलेली असायची, उन्हात डांबराला चप्पल चिकटते तशी. भाकरीचा घास तोंडात घोळवत बसायचं. तो काही ओला व्हायचा नाही, पिठासारखा कोरडाच राहायचा. शेवटी पाण्याबरोबर गोळीसारखा ढकलायचा. दातांचे कोपरे मिठाच्या खड्यासारखे झडायला लागले. जिभेला चिरा पडल्या. आणि बोलायला तोंड उघडलं की चौथ्या शब्दाला आत टक-टक आवाज.

मिरजेत दवाखान्यांच्या मागच्या गल्लीत पस्तीस वर्षं माझी खानावळ. गावोगावच्या पेशंटच्या नातेवाइकांना मी जेवू घातलं आणि वळणही लावलं. ताटात टाकून उठणाऱ्याला मी कधी सोडलं नाही, मग तो तलाठी असो नाहीतर आमदाराचा मेव्हणा. त्याच मला, मालनक्काला, आता कुणाला चार शब्द सुनवायचे तर आधी बाटलीतला घोट घ्यावा लागत होता.

कारण माझं मीच. मिश्री. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि बोटानं दातांना लावून बसायचं. माझ्या आजीनं लावली, आईनं लावली. मी बाराव्या वर्षी लावली. चव्वेचाळीस वर्षांनी गालात गाठ आली. दवाखान्यात गाठ कापली आणि मग तोंडावर जाळीचा मुखवटा घालून, टेबलाला डोकं बांधून, तेहेतीस दिवस किरणं दिली. गाठ गेली आणि तिच्या मागोमाग लाळही गेली.

"मालनबाई, कानापुढं आणि जबड्याखाली लाळेच्या ग्रंथी असतात," डॉक्टर पटवेगारबाईंनी मला आरशापुढं बसवून बोटानं दाखवलं. "त्या दिवसाला लिटरभर लाळ करतात. घास ओला करणं, दात राखणं, चव जिभेपर्यंत पोचवणं, सगळं तिचं काम. किरणं गाठीवरच मारली, पण वाटेत या ग्रंथी होत्या. त्या जळाल्या. त्या पुन्हा उगवत नाहीत."

"मग मी असंच मरायचं?"

"मरणार नाही. जगणारच आहात, तोच तर प्रश्न आहे."

बाई मुसलमान, मिरजेतलीच, जिभेला माझ्याइतकीच धार. म्हणून मला आवडायची.

पाच वर्षं काढली. बाटली, फवारा, तोंडात लावायचं बुळबुळीत जेल. त्याची चव पंक्चर काढायच्या सोल्युशनसारखी. आमटी चाखायचं बंद झालं. पूर्वी पळीतला थेंब तळहातावर घ्यायचा आणि चाटायचा, तेवढ्यावर मीठ, चिंच, गूळ कळायचा मला. आता थेंब चाटला तर नुसतं गरम कळायचं. हळूहळू माझी सून मीनाक्षी चाखायला लागली. कुणी ठरवलं नाही. एक दिवस पळी तिच्या हातात होती, एवढंच.

मग पटवेगारबाईंनी बोलावून घेतलं. नवीन इलाज निघाला होता. दुसऱ्या माणसाच्या खालच्या ओठाच्या आतून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घ्यायचा. तिथंही बारीक बारीक लाळग्रंथी असतात. तो तुकडा प्रयोगशाळेत जेलीत वाढवायचा. सहा आठवड्यांत त्याचे मोत्यांसारखे मणी होतात. ते मणी माझ्या जिभेखाली पेरायचे.

"माझ्याच ओठातलं घ्या की," मी म्हणाले.

"तुमच्या ओठात चव्वेचाळीस वर्षांची मिश्री मुरलीय. तिथं काही उगवायचं नाही."

आणखी एक अडचण होती. परक्याचं मांस शरीर ठेवून घेत नाही. ते ठेवायला जी औषधं द्यायची, त्यांनी अंगातला पहारा सैल पडतो, आणि पहारा सैल पडला की गाठ परत येते. म्हणून यांनी वेगळी वाट काढली होती. ज्याचा तुकडा, त्याचीच ताजी लाळ घ्यायची, यंत्रात घुसळायची, तिच्यातलं नेमकं सत्त्व काढायचं आणि तासाभरात माझ्या जिभेखाली थेंब थेंब सोडायचं. तेवढ्यानं मणी जिवंत राहतात आणि शरीरही त्यांना पाहुणा म्हणून वागवतं.

"विरजण समजा," बाई म्हणाल्या. "दर तिसऱ्या दिवशी लावायचं. एक खेप चुकली तर चालेल. लागोपाठ तीन चुकल्या की संपलं, पुन्हा लागत नाही. आणि हे यंत्र अजून सगळीकडं नाही. मिरज सोडलं तर थेट मुंबई."

जुळणारं माणूस नात्यातलं हवं होतं. पहिला माझा मुलगा संग्राम. बाईंनी त्याचा ओठ खाली ओढून पाहिला आणि लगेच सोडला. आत सगळं पांढरं, मावा खाऊन खाऊन. "याला मीच पुढच्या महिन्यात तपासायला बोलावते," म्हणाल्या. संग्रामनं मान खाली घातली आणि बाहेर जाऊन मावा मळला.

जुळली ती मीनाक्षी. सून कशी जुळेल असं तुम्हाला वाटेल. ती नुसती सून नव्हे, माझ्या सख्ख्या धाकट्या भावाची, हणमंताची मुलगी. मामाची मुलगी करायची आमच्यात रीत आहे. एकवीस वर्षांपूर्वी मी ती माझ्या मुलाला करून घेतली. म्हणून ती मला कधी आई म्हणाली नाही, सासूबाई म्हणाली नाही. आत्याच म्हणायची. लग्न झालं तेव्हा मी तिच्या हातावर मिश्री ठेवली होती. तिनं हात झटकला होता. "शहरातली राणी आलीय," म्हणून मी गल्लीभर हसू केलं होतं तिचं. त्या झटकलेल्या हातामुळंच तिचा ओठ आतून गुलाबी राहिला होता.

मी काही मागितलं नाही. मी कुणाकडं काही मागत नाही. तीच म्हणाली, "माझं घ्या."

"म्हणजे आता मी तुझं उष्टं खायचं?"

"खाऊ नका, आत्या. नुसतं बाळगा."

उष्ट्याची गोष्ट आमच्या घरात जुनी होती. हणमंत मदुराईला गलाईचं काम करायचा. सोनं गाळायचं, ॲसिडात धुवायचं. आमच्या खानापूर-आटपाडीकडची निम्मी माणसं याच कामाला देशभर पांगलीत. पोरगी तिकडंच जन्मली म्हणून तिचं नाव मीनाक्षी. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला तो मुलीला भेटायला आला. खानावळीत दुसरी पंगत बसली होती. मीनाक्षी संग्रामच्या उष्ट्या ताटात वाढून घेऊन जेवायला बसली होती. आमच्यात तशीच पद्धत, मीही तशीच जेवले होते. हणमंतानं तिच्या पुढचं ताट उचललं आणि चाळीस माणसांदेखत मोरीत फेकलं. "माझी पोरगी कुणाचं उष्टं खायाची न्हाई, आक्का," म्हणाला.

मी म्हणाले, "मग या उंबऱ्यात परत पाय ठेवू नकोस."

त्यानं ठेवला नाही. एकवीस भाऊबिजा कोरड्या गेल्या.

मणी पेरले आणि दहाव्या दिवशी, सकाळी, मी कांदे निवडत बसले असताना जिभेखाली काहीतरी झिरपलं. आधी रक्त वाटलं. बोट घालून बघितलं तर पाणी, स्वच्छ आणि कोमट. मी कांदा तसाच टाकून पदर तोंडात धरला. रडायला पण तोंडात ओल लागते, हे मला त्या दिवशी कळलं.

दुपारी आमटी चाखली. थेंब तळहातावर, आणि जिभेला जाळ! "कुणी केली ही? एवढं तिखट?"

"तुमच्याच हातची आहे," मीनाक्षी म्हणाली. "नेहमीचीच."

पटवेगारबाईंना विचारलं तर म्हणाल्या, लाळ माणसामाणसाची वेगळी, त्यातली प्रथिनं वेगळी, त्यामुळं तीच आमटी दोघांना दोन तऱ्हेची लागते. "तुम्हाला आता सुनेला लागते तशी लागणार."

घरी येऊन मी मीनाक्षीला म्हणाले, "तुला एकवीस वर्षं असंच भाजत होतं?"

"सांगितलं होतं की मी. तुम्ही म्हणाला होता, गरिबाची जीभ आहे, सवय कर."

मी तिखट कमी केलं नाही. खानावळ माझी होती.

दर तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी रिक्षानं दवाखान्यात जायचो. आधी संमतीची खोली. सरकारी नियमच तसा, देणाऱ्याला दर खेपेला एकट्याला विचारायचं. मी बाहेरच्या बाकावर. दार पुरतं लागायचं नाही. आतून सिस्टर आवळेंचा आवाज यायचा, "मीनाक्षीताई, स्वतःच्या मनानं देताय? कुणाचा दबाव?" आणि मीनाक्षीचा, "नाही." मग ती छोट्या वाटीत लाळ धरत बसायची, यंत्र घुसळायचं, आणि मला खुर्चीत आडवं करून थेंब सोडायचे. मनगटावर एक पट्टी दिली होती. ओल चांगली असली की हिरवी, उतरली की पिवळी, मग तांबडी. मी सारखी तिच्याकडं बघायचे. चार महिने हिरवी होती. मी शेंगदाण्याची चटणी खाल्ली, पापड खाल्ला, लोकांना पूर्वीसारखं झापलं. "मालनक्काचं तोंड सुरू झालं," म्हणून गल्लीत बोलणं झालं.

आणि मग मदुराईहून निरोप आला. हणमंताच्या फुप्फुसांची ॲसिडच्या धुरानं चाळण झाली होती. एका खोलीत ऑक्सिजनच्या यंत्राला नळी लावून पडून होता. बायको आधीच गेलेली. पोरगी ही एकच.

मीनाक्षी डब्यांना झाकणं लावता लावता म्हणाली, "आत्या, मी जाऊन राहते म्हटलं तर अप्पा म्हणतात, येऊ नको, आक्काचं तोंड वाळंल. मग तुम्ही इकडं चला म्हटलं, तर म्हणतात, उंबरा आक्कानं बंद केलाय, आक्कानंच उघडावा."

मी भाकरीचं पीठ मळत होते. मशीन आहे भाकरीचं, पण मला त्याची पटत नाही.

"एक फोन करा त्यांना. ये म्हणा. संग्राम जाऊन घेऊन येतील. मागची खोली मी झाडून ठेवली आहे. सगळं इथंच होईल, तुमचंही आणि त्यांचंही."

"ताट त्यानं फेकलं."

"ताट माझं होतं, आत्या."

मी पिठात पाणी घातलं.

"रविवारपर्यंत बघते," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "तुम्ही फोन केलात आणि तेच नाही म्हणाले, तर तो त्यांचा हट्ट. मी मग इथंच राहीन, अधूनमधून जाऊन येईन. पण तुम्ही फोनच केला नाहीत तर मी जाते. मग यायचं जमणार नाही मला दर तिसऱ्या दिवशी."

शनिवारी दुपारी मी कोठीच्या खोलीत गेले, कांद्याच्या पोत्यावर बसले आणि फोन काढला. हणमंताचं नाव काढलं. फोटो एकवीस वर्षांपूर्वीचा, काळ्या मिशांचा. अंगठा टेकवला. वाजायच्या आत कापला. पुन्हा टेकवला, पुन्हा कापला. काय बोलायचं होतं? एक अक्षर. 'ये' म्हणायचं. पण त्या 'ये'च्या मागं चाळीस माणसं बसलेली मला दिसत होती, पंगतीतली, मोरीत घरंगळणारं ताट बघणारी. त्यातली निम्मी एव्हाना मेली असतील.

बाहेर आले. मीनाक्षी वाटच बघत होती.

"केला. नाही म्हणाला."

"काय म्हणाले नेमकं?"

"म्हणाला, मेलो तरी त्या घरात येणार नाही."

हे शब्द मला शोधावे लागले नाहीत. त्याच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते. बोलताना जीभ कुठं अडली नाही. सकाळीच विरजण घेऊन आले होते, तोंडात ओल भरपूर होती. तिच्याच लाळेनं मी तिच्याशी खोटं बोलले.

तिनं तिथंच, ओट्यापाशी, बापाला फोन लावला. स्पीकर चालू. माझे हात पिठात.

"अप्पा, आत्यानं स्वतःहून फोन केला, आणि तुम्ही तिला तसं बोललात? एवढा कसला ताठा?"

पलीकडून नुसता यंत्राचा श्वास येत राहिला. फुस्स, आणि थांबायचं. फुस्स, आणि थांबायचं. मी पिठाकडं बघत होते. आता तो म्हणणार, कसला फोन? आता म्हणणार.

"व्हय," हणमंत म्हणाला. "म्हणलो मी तसं."

"का पण?"

"हट्ट गं. म्हाताऱ्याचा." मग बराच वेळ फुस्स-फुस्स. "आक्का जेवती का आता नीट?"

"जेवतात."

"मग बास की."

मीनाक्षीनं फोन ठेवला. डोळे पुसले आणि म्हणाली, "तुम्ही तरी काय करणार, आत्या. तुम्ही केलंत तुमच्या बाजूनं."

तिथं मी बोलायला हवं होतं. त्यानंतर एकतीस दिवस तो जगला. एकतीस दिवसांत कितीतरी वेळा मी कोठीत गेले, कांदे काढायचं निमित्त करून. उद्या करते म्हणायचे. आता केला तर मीनाक्षीला कळेल की आधी केला नव्हता, हेही मनात यायचं. आणि खरं सांगायचं तर पट्टी हिरवी होती. भूक लागायची. हिरव्या पट्टीकडं बघून मी जेवायला बसायचे.

तो गेल्याचं कळलं तेव्हा मीनाक्षी आणि संग्राम मिळेल त्या गाडीनं गेले. अग्नी तिनंच दिला. चौथ्या दिवशी माझी पट्टी पिवळी झाली. सहाव्या दिवशी तांबडी. जीभ पुन्हा टाळूला. मला वाटलं, ती येणार नाही, आणि का यावं.

सहाव्या दिवशी सकाळी ती स्टेशनवरून थेट दवाखान्यात आली. संग्रामनं फोन करून मला तिथंच बोलावलं. मीनाक्षीचे केस विस्कटलेले, अंगावर प्रवासातलीच साडी. संमतीच्या खोलीत गेली. "कुणाचा दबाव?" "नाही." वाटीत लाळ धरली. तिचं स्वतःचं तोंड रडून सुकलं होतं. वाटी भरायला पाऊण तास लागला. मी बाकावर बसून ऐकत होते.

थेंब सोडून झाले. मी बाहेर आले. ती दारात उभी होती.

"सासूबाई, रिक्षा आलीय," म्हणाली.

एकवीस वर्षांत पहिल्यांदा. मला कळलं की तिला कळलंय.

रिक्षात संग्राम पुढं बसला. तिनं समोर बघतच सांगितलं, "शेजारच्या सेल्वीअम्मा त्यांना जेवण द्यायच्या. तिकडंच वाढले मी, त्यांची भाषा येते मला. म्हणाल्या, रोज सकाळी उठले की विचारायचे, मिरजेहून फोन आला का? मी म्हटलं, आला होता की शनिवारी. म्हणाल्या, नाही गं, फोन माझ्याच हातात असायचा. त्यांना उचलून धरता येत नव्हता."

एवढंच. पुढं काही नाही. मी शिव्यांची वाट बघत होते. मला शिव्या चालल्या असत्या, त्यांना उत्तर देता येतं.

पण ती पूर्वीसारखीच पहाटे उठायची, आमटी करायची, डबे भरायची, आणि दर तिसऱ्या दिवशी रिक्षा बोलवायची. सासूबाई, चला. सासूबाई, चप्पल. पट्टी पुन्हा हिरवी झाली. घासाला ओल होती, चव होती, आणि मला घास नको व्हायचा. आपल्या तोंडात दुसऱ्याचं पाणी आहे हे पूर्वी मला दिवसातून एकदा आठवायचं. आता प्रत्येक घोटाला आठवत होतं.

"बोल की काहीतरी," एकदा मी म्हणाले. "घाल शिव्या. अवदसा म्हण."

"कशाला?" ती कोथिंबीर निवडत होती. "तोंड ओलं आहे ना? मग बास की."

बापाचे शब्द. मुद्दाम म्हणाली की सहज आले, मला सांगता यायचं नाही.

पाचव्या खेपेला मी बाकावर बसले होते. दार नेहमीसारखं अर्धवट. सिस्टर आवळेंनी विचारलं, "कुणाचा दबाव?"

"नाही."

मी उठले आणि दार ढकललं.

"आहे. माझा आहे. लिहून घ्या. मालन पांडुरंग जाधव, हिची सासू. मी तिला खोटं सांगून ठेवून घेतलं. तिचा बाप तिकडं एकटा मेला."

सिस्टरचं पेन थांबलं. मीनाक्षी माझ्याकडं बघत राहिली, हातात रिकामी वाटी.

मग पटवेगारबाई आल्या. मला बाजूला घेतलं. "मालनबाई, काय केलंत हे? एकदा असं नोंदलं की चौकशी होईपर्यंत घेता येत नाही. चौकशीला तीन-चार महिने. तोवर मणी टिकणार नाहीत. कळतंय का?"

"मला शिकवू नका."

मला वाटत होतं, मी फार मोठं काम केलं. छाती भरून आली होती. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत स्वतःची चूक बोलले होते. आता मीनाक्षी रडेल, मला आत्या म्हणेल, असंही कुठंतरी होतं.

ती व्हरांड्यात आली. "कुणाला विचारून बोललात?"

"तुला सोडवलं मी."

"मी अडकले होते हे कुणी सांगितलं तुम्हाला?" आवाज तसाच, साधा. "मी आत 'नाही' म्हणत होते, ते खरं होतं. अप्पांनी तुमच्यासाठी माझ्याशी खोटं बोलून दोष अंगावर घेतला. का, तर तुमची जीभ ओली राहावी म्हणून. त्यांनी मागं ठेवलेलं तेवढंच होतं माझ्याकडं. ते मी चालवत होते. माझ्या मनानं. त्या घरात आल्यापासून तेवढी एकच गोष्ट माझ्या मनानं करत होते." वाटी तिच्या हातातच होती, ती तिनं खिडकीत ठेवली. "तीही तुम्हीच ठरवून टाकलीत. माझं 'नाही' तुम्हाला खरं वाटलं नाही. तिखट लागतंय म्हटलं तेव्हाही वाटलं नव्हतं."



पटवेगारबाई मागून आल्या. त्यांच्या हातात कागद. "एक वाट आहे. आठवड्याच्या आत तुम्ही लिहून द्यायचं की भावाच्या दुःखात, भान नसताना बोलले, दबाव नव्हता. आणि मीनाक्षीनं त्यावर सही करायची. मग नोंद रद्द होते."

मी मीनाक्षीकडं बघितलं.

"लिहायचं तर लिहा," ती म्हणाली. "मी सही करीन. खरंच आहे ते, माझ्यावर दबाव नव्हता. पण तुम्ही म्हणाल तरच. मी आपणहून आता काही करणार नाही. रविवारच्या गाडीनं मी जातेय. सेल्वीअम्मांच्या शेजारची खोली अजून आपल्याकडंच आहे, आवरायची आहे. तुम्ही थांब म्हणालात तर तिकीट बदलते."

कागद मी घरी आणला. तो ओट्यावरच्या डब्याखाली ठेवला. येता-जाता दिसायचा. गुरुवार गेला. शुक्रवारी संग्राम म्हणाला, "आई, अगं सही तर करायचीय. दोन ओळी. मी लिहितो, तू अंगठा लाव."

"मला सही येते," मी म्हणाले.

शनिवारी मीनाक्षीनं पिशवी भरली. दोन साड्या, बापाचा फोन, तिची पळी. दिवसातून तीनदा ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.  मला कळत होतं ती कशासाठी उभी आहे. मी थांब म्हणाले असते तर ती थांबली असती, आणि कधीतरी, सहा महिन्यांनी, वर्षानं, आत्या म्हणाली असती. मी हेही जाणत होते की तिला थांबवणं म्हणजे माझ्या तोंडासाठी थांबवणं, आणि दुसऱ्या कशासाठी थांबवतेय असं सांगून तिला पटलं नसतं. मलाही पटलं नसतं. मी भाजीत पळी फिरवत राहिले.

रविवारी ती माझ्या पाया पडली. मी डोक्यावर हात ठेवला. "पोचल्यावर फोन कर," म्हणाले.

"संग्रामना करीन."

गाडी गेली. पट्टी शनिवारीच पिवळी झाली होती, सोमवारी तांबडी झाली, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात विझली. पटवेगारबाईंनी जिभेखाली बघितलं आणि दिवा बंद केला. 

सही मी केली नाही. तिला मोकळं सोडायचं म्हणून केली नाही, की 'थांब' म्हणायला जीभ उचलली नाही म्हणून, हे माझं मलाच ठरवता येत नाही. कधी वाटतं पहिलं, कधी वाटतं दुसरं. तिला विचारलं असतं तर तिनं खरं सांगितलं असतं. आणि मी या खेपेला तिचं खरं मानलं असतं.